लिहून झालं, पण पावत्या कोण फाडणार? कर्नलच्या फाइलसिस्टिममधली मोठी राइट कम्प्लीशन कशी हाताळायची

"दादा, तो पुन्हा थिजला."

मे महिन्यात रात्री पावणेबाराला आलेला हा फोन. गायत्रीनगरच्या आयटी पार्कजवळ आमचं लहानसं ऑफिस आहे. ड्रोनने टिपलेल्या जमिनीच्या छायाचित्रांचे तुकडे जोडून आम्ही नकाशे करतो. जोडून झालेली एकेक फाइल ४०-५० जीबीची असते. सर्व्हरमध्ये २५६ जीबी रॅम, खाली वेगवान डिस्कांचा रेड (अनेक डिस्क मिळून एक), वर एक्सएफएस ही फाइलसिस्टिम. नकाशा जोडून होतो, प्रोग्रॅम फाइल डिस्कवर पक्की करायला एफसिंक मागतो आणि अर्धा मिनिट सगळं गप्प होतं. ना कीबोर्ड चालतो, ना नेटवर्क.

नागपूरचा मे, बाहेर ४५ अंश. साहजिकच आम्ही उन्हाला दोष दिला. दोन आठवडे एसी, पंखे, थर्मल पेस्ट यात गेले. उत्तर मात्र पहिल्या रात्रीपासून लॉगमध्ये होतं: कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, पहारेकरी वॉचडॉग सांगत होता की अमुक सीपीयू २३ सेकंद अडकून पडला आहे. सीपीयू तापून थांबला नव्हता. तो एकाच कामात गुंतला होता, आणि ते काम संपेपर्यंत त्याला मान वर करायला सवड नव्हती. ते काम म्हणजे आधीच लिहून झालेल्या लाखो पानांवर "झालं" अशी खूण करणं.

ज्यांच्याकडे मोठ्या रॅमचे लिनक्स सर्व्हर आहेत, आणि जे विद्यार्थी किंवा इंजिनिअर फाइलसिस्टिमचा कोड वाचतात किंवा लिहितात, अशा दोघांसाठी हा लेख आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना तात्पुरत्या उताऱ्यापर्यंतचा भाग पुरेल. फंक्शनांच्या आणि सेटिंगांच्या नावांत जिथे जोडरेघ दिसेल, तिथे कोडमध्ये अंडरस्कोर आहे असं समजा.

आधी रस्ता समजून घ्या

तुमचा प्रोग्रॅम फाइलीत लिहितो तेव्हा मजकूर लगेच डिस्कवर जात नाही. तो पेज कॅशमध्ये, म्हणजे रॅममधल्या पानांत पडतो आणि ती पानं "डर्टी" ठरतात. आजच्या कर्नलमध्ये पानांच्या गठ्ठ्याला फोलिओ म्हणतात. एका फोलिओत ४ केबीचं एकच पान असू शकतं किंवा अनेक. पुढे फ्लशर धागा, किंवा तुमचा एफसिंक, या डर्टी फोलिओंना डिस्ककडे धाडतो. याला राइटबॅक म्हणतात. जाताना प्रत्येक फोलिओवर "राइटबॅक चालू" असा झेंडा लागतो.

फोलिओ एकेकटे जात नाहीत. फाइलीत लागून असलेले फोलिओ एका बायोत भरले जातात. बायो म्हणजे ब्लॉक लेयरला, म्हणजे डिस्कशी बोलणाऱ्या थराला, दिलेली मागणी. एक्सएफएस ज्या सामाईक थरावर उभी आहे त्या आयोमॅपमध्ये बायोच्या वर आणखी एक वेष्टन असतं, आयोएंड. फाइलीचा हा सलग भाग लिहायला दिला आहे आणि लिहून झाल्यावर काय करायचं, ही माहिती आयोएंडमध्ये असते.

डिस्कचं काम संपलं (म्हणजे कम्प्लीशन झालं) की इंटरप्ट, म्हणजे सीपीयूला हातातलं काम थांबवायला लावणारी हाक, येतो, बायोचं शेवटचं फंक्शन चालतं, आणि तिथून प्रत्येक फोलिओवरचा झेंडा उतरवला जातो. झेंडा उतरवण्यात बऱ्याच गोष्टी येतात. फाइलीच्या पेज कॅशच्या झाडावरचा लॉक घ्यायचा, "राइटबॅक" खूण पुसायची, आकडेवारी कमी करायची, त्या फोलिओसाठी कोणी थांबलं असेल तर त्याला उठवायचं. एका फोलिओला हे क्षुल्लक आहे. दहा जीबीमध्ये ४ केबीची २६,२१,४४० पानं असतात. प्रत्येकाला १० मायक्रोसेकंद लागले असं धरा (लॉकसाठी रस्सीखेच चालली असेल तर हे अशक्य नाही), तर २६ सेकंद झाले.

कळमन्याच्या बाजार समितीत संत्र्याच्या हंगामात पहाटे गेलात तर हे डोळ्यांनी दिसतं. समजा, पन्नास गाड्यांचा माल एकाच चिठ्ठीवर आला, आणि ती चिठ्ठी फाटकावरच्या माणसाच्या हातात पडली. चिठ्ठी हातात आहे तोवर त्याला फाटक सोडता येत नाही, आणि एकेका क्रेटवर खूण केल्याशिवाय चिठ्ठी संपत नाही. मागच्या गाड्या, दूधवाला, रुग्णवाहिका, सगळे रस्त्यावर उभे. फाटकवाल्याची यात चूक नाही. चूक आहे ती एवढी मोठी चिठ्ठी करणाऱ्याची, आणि ती मुनिमाकडे आत पाठवण्याऐवजी फाटकावर देणाऱ्याची.

कर्नलमधला मुनीम म्हणजे वर्कक्यू, वेगळ्या धाग्यात सवडीने करायच्या कामांची रांग. फाटक म्हणजे इंटरप्ट आणि त्याच्या पाठोपाठ लगेच चालणारा सॉफ्टआयआरक्यू. तिथे झोपता येत नाही आणि सीपीयू वाटून देणाऱ्या शेड्युलरला "दुसऱ्याला घे" असं सांगता येत नाही. सॉफ्टआयआरक्यूची फेरी दोन मिलिसेकंदांनंतर आवरती घेण्याचा नियम आहे खरा, पण तो रांगेतले हँडलर (त्या त्या कामाची फंक्शनं) एकदा चालून झाल्यावरच तपासला जातो. एकच हँडलर लाखो फोलिओंच्या लूपमध्ये शिरला, तर त्याला मधूनच ओढून काढणारं कोणी नाही. मागण्यांच्या अनेक रांगा असलेल्या एनव्हीएमई डिस्कवर तर याच सीपीयूवर आलेलं कम्प्लीशन बहुधा थेट हार्ड इंटरप्टमध्येच चालतं. ते त्याहूनही अवघड.

पहिली पायरी: तक्रार नेमकी कोणती ते ओळखा

लॉगमध्ये तीन वेगवेगळे संदेश येतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

सॉफ्ट लॉकअप म्हणजे सीपीयू कर्नलमध्ये काम करतो आहे, पण शेड्युलरला वाव देत नाही. वॉचडॉग-थ्रेश हे सेटिंग मुळात १० सेकंदांचं असतं आणि सॉफ्ट लॉकअपची हाक त्याच्या दुपटीने, २० सेकंदांनंतर येते. म्हणून लॉगमध्ये २२ किंवा २३ असे आकडे दिसतात. आरसीयू (लॉकशिवाय डेटा वाचू देण्याची कर्नलची पद्धत) स्टॉल हा त्याचाच चुलतभाऊ, त्याची मूळ मर्यादा २१ सेकंद. "टास्क १२० सेकंदांहून जास्त अडकला" हा संदेश मात्र वेगळ्या घराण्यातला: तिथे टास्क झोपलेला असतो, कशाची तरी वाट पाहत. डिस्क मंद असेल तर तो येतो. तिसरा संदेश एकटाच दिसत असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नसण्याची शक्यता जास्त. आधी डिस्क तपासा.

सॉफ्ट लॉकअप असेल तर त्याखालचा कॉल स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला हाक मारली याची यादी) खालून वर वाचा. फोलिओ-एंड-राइटबॅक (जुन्या कर्नलमध्ये फोलिओऐवजी पेज) आणि आयोमॅप-फिनिश-आयोएंड अशी नावं दिसली की रोग सापडला. आता एक गोष्ट नीट पाहा, कारण पुढचा उपाय तिच्यावर ठरतो. संदेशात वर्कक्यूचं नाव एक्सएफएस-कॉन्व्ह असं आहे का? असेल तर काम मुनिमाकडे गेलं होतं, पण मुनीमही न थांबता लिहीत बसला. वर्कक्यूचं नाव नसून स्टॅकमध्ये सॉफ्टआयआरक्यू आणि बायो-एंड-आयओ दिसत असेल, तर चिठ्ठी फाटकावरच उघडली गेली.

हा फरक कशाने पडतो? आधी लिहिलेल्या जागेवरच पुन्हा लिहिलं तर मेटाडेटा (फाइल कुठे आहे, किती लांब आहे याची नोंद) बदलावा लागत नाही. अशा निव्वळ ओव्हरराइटचं कम्प्लीशन एक्सएफएस थेट इंटरप्टच्या बाजूलाच उरकते. पण फाइलीची जागा आधी राखून ठेवलेली असेल (अनरिटन एक्स्टेंट; एक्स्टेंट म्हणजे डिस्कवरचा सलग तुकडा), रीफलिंकमुळे (दोन फाइलींनी डिस्कवरची एकच जागा वाटून घेतल्यामुळे) कॉपी-ऑन-राइट, म्हणजे नव्या जागी लिहिणं, झालं असेल, किंवा फाइल लांबली असेल, तर ट्रान्झॅक्शन चालवावं लागतं, त्यात झोपावं लागू शकतं, म्हणून ते काम वर्कक्यूकडे जातं.

दुसरी पायरी: मोजा, अंदाज करू नका

प्रॉकखालच्या मेमइन्फो फाइलीत "डर्टी" आणि "राइटबॅक" या दोन ओळी असतात. दर सेकंदाला त्या टिपून ठेवणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहा आणि रात्रभर चालू द्या. निरोगी यंत्रात राइटबॅकचा आकडा थोडा चढतो, थोडा उतरतो, सतत हलता राहतो. आमच्याकडे तो काही जीबीपर्यंत चढून तिथेच बसायचा, आणि मग एका झटक्यात शून्याजवळ यायचा. पायरीसारखा हा आलेख पाहिला आणि आम्ही उन्हाचा नाद सोडला. डिस्क तर तुकड्यातुकड्याने लिहून मोकळी होत होती. मग झेंडे एकदम का उतरावेत? कारण जुन्या कर्नलमध्ये एका आयोएंडखाली कितीही बायो साखळीने जोडता येत होते, आणि साखळीतला शेवटचा बायो पोचेपर्यंत पहिल्या फोलिओचाही झेंडा उतरत नव्हता.

सॉफ्टआयआरक्यूत किती वेळ जातो हे पाहायला बीपीएफट्रेस हे कर्नलमधल्या घटना टिपणारं साधन वापरा. सॉफ्टआयआरक्यू-एंट्री आणि सॉफ्टआयआरक्यू-एक्झिट असे दोन ट्रेसपॉइंट आहेत. ब्लॉक लेयरचा क्रमांक ४. दोघांमधल्या वेळेचा हिस्टोग्राम काढा. बहुतेक नोंदी मायक्रोसेकंदांत असतील. शेपटीकडे मिलिसेकंदांच्या किंवा सेकंदांच्या नोंदी दिसल्या तर त्याच तुमच्या गुन्हेगार. जोडीला फोलिओ-एंड-राइटबॅक किती वेळा आणि कोणत्या सीपीयूवर चाललं तेही मोजा. आयोमॅपच्या आतली काही फंक्शनं कंपायलर गिळून टाकतो, त्यामुळे त्यांच्यावर प्रोब बसत नाही आणि नवखा माणूस गोंधळतो. फोलिओ-एंड-राइटबॅक एक्स्पोर्ट केलेलं आहे, ते हमखास सापडतं.

फाइल डिस्कवर कशी पसरली आहे तेही एकदा फाइलफ्रॅगने पाहून घ्या. एकच लांबलचक एक्स्टेंट असेल तर लिहायला देतानाच मोठा आयोएंड तयार होतो. शेकडो तुकडे असतील तर आयोएंड लहान असतात, पण कम्प्लीशनच्या वेळी फाइलीतल्या लागोपाठच्या जागा पाहून ते पुन्हा एकमेकांना जोडले जातात. म्हणजे दोन्ही वाटांनी चिठ्ठी मोठी होऊ शकते.

मोठी रॅम आणि एफसिंक यांची युती

इथे थोडं थांबू या, कारण आमच्या ऑफिसात सगळ्यात जास्त वाद यावर झाला. "एवढी वर्षं हाच प्रोग्रॅम ३२ जीबीच्या मशीनवर सुरळीत चालला, मग आताच काऊन?" असा रास्त प्रश्न होता.

डर्टी-रेशो मुळात २० टक्के आणि डर्टी-बॅकग्राउंड-रेशो १० टक्के असतो, उपलब्ध मेमरीच्या. ३२ जीबीच्या मशीनवर म्हणजे बॅकग्राउंड राइटबॅक तीनेक जीबीलाच सुरू होतं. २५६ जीबीच्या मशीनवर तेच २५ जीबीच्या आसपास, आणि लिहिणाऱ्याला थोपवणारी वरची मर्यादा ५० जीबीच्या घरात. जुनी डर्टी पानं ३० सेकंदांनी निघतात खरी, पण आमचा प्रोग्रॅम तेवढ्यात अख्खी फाइल ओतून मोकळा होतो.

त्यात भर एफसिंकची. बॅकग्राउंडचा फ्लशर डिस्कच्या वेगाचा अंदाज घेऊन बेताबेताने घास घेतो. एफसिंक किंवा सिंक मात्र "जेवढं आहे तेवढं सगळं" असं मागतं, तिथे घासाला माप नाही. सलग फाइल, भरपूर डर्टी पानं आणि माप नसलेली मागणी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की दहा-वीस जीबीचा एकच आयोएंड तयार व्हायला काही आडकाठी नव्हती.

तात्पुरता उतारा

कर्नल बदलायला परवानगी, चाचणी, रात्रीची वेळ, सगळं लागतं. तोवर काय करायचं?

टक्क्यांऐवजी बाइटांत मर्यादा घाला. डर्टी-बॅकग्राउंड-बाइट्स २५६ एमबी आणि डर्टी-बाइट्स १ जीबी ही माझी सुरुवातीची मापं. रेड फार वेगवान असेल तर दुप्पट करून पाहा. बाइटांचं सेटिंग भरलं की टक्क्यांचं आपोआप शून्य होतं, घाबरू नका. १ जीबी डर्टी म्हणजे ४ केबीची २,६२,१४४ पानं, म्हणजे एका आयोएंडमध्ये सगळी आली तरी आधीच्या हिशेबाने अडीच-पावणेतीन सेकंद. यंत्र अडखळेल, पण थिजणार नाही. सिसकंट्रोलच्या फाइलीत हे लिहून ठेवायला विसरू नका, नाहीतर रीबूटनंतर जुने आकडे परत येतात.

प्रोग्रॅम तुमच्या हातात असेल तर शेवटी एकच मोठा एफसिंक करण्याऐवजी दर पाचशे एमबीनंतर सिंक-फाइल-रेंजने लिहायला धाडत जा आणि शेवटी एफसिंक करा. शेवटचा एफसिंक टाळू नका. सिंक-फाइल-रेंज मेटाडेटाची हमी देत नाही.

आणि एक विनंती: वॉचडॉग-थ्रेश ६० वर नेऊन संदेश बंद करू नका. धूर दिसतो म्हणून खिडकीला पडदा लावण्यासारखं आहे ते. त्या तेवीस सेकंदांत त्या सीपीयूवरचं नेटवर्क, टायमर, इतरांची कामं, सगळं खोळंबलेलं असतं.

कायमचा उपाय: कर्नलमध्ये काय बदललं

कर्नलचे विकासक डेव्ह चिनर यांचा या प्रश्नावरचा बदल २०२२ च्या सुरुवातीला, ५.१७ च्या कर्नलमध्ये आला. त्यात तीन गोष्टी एकमेकींच्या आधाराने उभ्या आहेत, आणि स्वतःची फाइलसिस्टिम किंवा ड्रायव्हर लिहिणाऱ्याने त्या याच क्रमाने शिकाव्यात असं मला मनापासून वाटतं.

पहिली, चिठ्ठीला माप. एका आयोएंडमध्ये ४,०९६ हून जास्त फोलिओ जाऊ द्यायचे नाहीत. ४ केबीच्या पानांत हे १६ एमबी होतात. मोजणी बाइटांची न करता फोलिओंची का? कारण कम्प्लीशनचा खर्च झेंड्यामागे आहे, वजनामागे नाही. २ एमबीचे फोलिओ असतील तर ४,०९६ फोलिओंत ८ जीबी मावतात, आणि झेंडे तेवढेच उतरवावे लागतात. बाइटांवर मर्यादा घातली असती तर मोठ्या फोलिओंना विनाकारण शिक्षा झाली असती. निव्वळ ओव्हरराइटसाठी हा एकमेव इलाज आहे. सॉफ्टआयआरक्यूत मध्येच थांबता येत नाही, म्हणून तिथे पोचणारं कामच लहान करून पाठवावं लागतं.

दुसरी, मुनिमाला श्वास. वर्कक्यूत जोडल्या गेलेल्या आयोएंडांची रांग कितीही लांब असू शकते. म्हणून ती संपवणारं आयोमॅप-फिनिश-आयोएंड्स हे फंक्शन किती फोलिओ झाले ते मोजत जातं आणि ४,०९६ च्या आठपटीपुढे, म्हणजे ३२,७६८ फोलिओ झाले की, कंड-रीशेड करून सीपीयू इतरांना देऊ करतं. शेड्युलरला १० मिलिसेकंदांपेक्षा जास्त अडवून ठेवू नये असा त्यामागचा बेत. फंक्शनाच्या सुरुवातीलाच माइट-स्लीप आहे, म्हणजे कोणी चुकून इंटरप्टमधून हाक मारली तर डीबग कर्नल लगेच ओरडेल. पहिली गोष्ट नसेल तर ही दुसरी लंगडी पडते, कारण थांबा फक्त दोन आयोएंडांच्या मध्ये येतो. एक आयोएंडच अवाढव्य असेल तर थांबा येईपर्यंत उशीर झालेला असतो.

तिसरी, जोडणीला शिस्त. पूर्वी फाइलीत लागोपाठ असलेले पण डिस्कवर दूरदूर असलेले आयोएंडही जोडले जायचे. मग अनरिटन एक्स्टेंट बदलताना फाइलसिस्टिमला पुन्हा एकेक तुकडा वेगळा धरून ट्रान्झॅक्शन चालवावं लागे, तेही एका आवळलेल्या लूपमध्ये. जोडून पदरात काहीच पडत नव्हतं. आता डिस्कवरचे सेक्टर लागून नसतील तर जोडणी होत नाही, आणि एक्सएफएस प्रत्येक आयोएंडनंतर कंड-रीशेड करू शकते.

पुढे ६.९ मध्ये क्रिस्टोफ हेलविग यांनी बायोंची साखळीच काढून टाकली. एका बायोत २५६ खाने असतात. रॅममधली पानं अगदी विखुरलेली असली तरी १ एमबी मावतो, आणि पानं लागून असली किंवा फोलिओ मोठे असले तर खूपच जास्त. त्यामुळे साखळीची गरज उरली नव्हती. एक्सएफएसमध्ये मोठे फोलिओ ५.१८ पासून आले. ज्यांच्या फाइली आमच्यासारख्या अजस्र आहेत त्यांना मला वाटतं सगळ्यात मोठा दिलासा त्यांनीच दिला, कारण झेंड्यांची संख्याच घटली.

तेव्हा सर्व्हरवाल्यांसाठी: ५.१७ च्या आधीचा कर्नल असेल तर वर जा. मात्र व्यावसायिक वितरणं जुन्या क्रमांकाच्या कर्नलमध्येही नवे बदल मागे आणून बसवतात, म्हणून नुसता आकडा पाहून निर्णय घेऊ नका. पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये आयोएंडचा उल्लेख शोधा.

स्वतः कोड लिहिणार असाल तर

माझा सल्ला: आधी माप घाला, मग मोजा, आणि गरज उरली तरच काम वर्कक्यूकडे ढकला. सगळीच कम्प्लीशन वर्कक्यूत टाकणं सोपं वाटतं, पण चार केबीच्या लहान राइटसाठी धागा जागवण्याचा खर्च मूळ कामापेक्षा जास्त होतो, आणि डेटाबेससारख्या लहान लहान एफसिंक करणाऱ्या प्रोग्रॅमला तो लगेच जाणवतो. मेटाडेटा बदलायचा असेल तिथे मात्र पर्याय नाही, तिथे वर्कक्यूच.

ढकलायची पद्धत एक्सएफएसकडून उचला. बायोच्या शेवटच्या फंक्शनात इंटरप्ट बंद करून इनोडचा (फाइलीच्या कर्नलमधल्या नोंदीचा) आयोएंड-लॉक घ्या, आयोएंड यादीत टाका, यादी आधी रिकामी असेल तरच वर्क रांगेत लावा, लॉक सोडा. वर्कमध्ये आधी लॉक घेऊन अख्खी यादी आपल्या स्थानिक यादीत ओढून घ्या आणि लॉक सोडून द्या. मग निवांत क्रमाने लावा, जोडा, संपवा. लॉक धरून संपवत बसलात तर नवे इंटरप्ट त्याच लॉकवर फिरत राहतील आणि रोग नुसता जागा बदलेल.

खड्डे कुठे आहेत ते सांगतो, कारण वेळ त्यांतच जातो.

एक फोलिओ दोन आयोएंडांत विभागला जाऊ शकतो. माप घातल्यावर तर ते जास्तच घडतं. पहिला आयोएंड संपला म्हणून झेंडा उतरवलात तर उरलेला अर्धा भाग अजून डिस्कच्या वाटेवर असतो आणि एफसिंक खोटं यश सांगतं. आयोमॅप यासाठी प्रत्येक फोलिओमागे किती बाइट अजून बाकी आहेत याचा मोजणीदार ठेवतो. तो शून्य झाला की झेंडा उतरतो. तुमच्या कोडमध्ये असा हिशेब नसेल तर आधी तो आणा.

चूक झाली तरी झेंडा उतरलाच पाहिजे. डिस्कने एरर दिली म्हणून लूपमधून लवकर परतलात, तर त्या फोलिओसाठी थांबलेला एफसिंक कायमचा थांबतो आणि मग १२० सेकंदांचा तो तिसरा संदेश येतो. एरर फाइलीच्या मॅपिंगवर नोंदवा, झेंडा उतरवा, पुढे चला. काम तुकड्यांत विभागताना प्रत्येक तुकड्याने आपली एरर स्वतः वाहायची. यशस्वी आणि अयशस्वी आयोएंड जोडू नका. आयोमॅपची जोडणीची अट हे सर्वात आधी तपासते.

कम्प्लीशनच्या वर्कमध्ये मेमरी मागताना जपून. मेमरी कमी असेल तर कर्नल पानं मोकळी करायला फाइलसिस्टिमकडेच येतो, आणि ती पानं तुमच्याच कम्प्लीशनची वाट पाहत असतात. विहिरीत उतरलेल्यानेच वरून दोर सोडायचा, अशी गत होते. म्हणून एक्सएफएस आयोएंड संपवताना मेमॅलॉक-नोएफएस (मेमरीसाठी फाइलसिस्टिमकडे येऊ नको, असं सांगणारी खूण) लावून घेते. तुम्हीही लावा.

फाइल लांबवणाऱ्या राइटमध्ये डिस्कवरची फाइलीची लांबी मजकूर पोचल्यानंतरच वाढवायची. क्रम उलटा झाला आणि मध्येच वीज गेली, तर फाइलीच्या शेपटीला कधीच न लिहिलेला भाग दिसतो. आमच्याकडे वळवाच्या पहिल्या वादळात वीज जाते, त्यामुळे हा मुद्दा आम्हाला पुस्तकी वाटत नाही.

आणि कंड-रीशेड कुठे घालताय ते पाहा. स्पिनलॉक (ज्यासाठी न झोपता फिरत थांबतात तो लॉक) धरलेला असताना किंवा आरसीयूच्या वाचन-कक्षेत ते घालणं चूक आहे. ६.१३ पासून लेझी प्रीएम्प्शन आल्याने वर्कक्यूतल्या लूपांना शेड्युलर स्वतःही बाजूला सारू शकतो. सॉफ्टआयआरक्यूतल्या लूपला त्याचा उपयोग नाही. तिथलं माप तुम्हालाच सांभाळावं लागतं.

शेवटची पायरी: पटवून घ्या

चाचणी प्रत्यक्ष कामाच्या सर्व्हरवर करू नका. भरपूर रॅम दिलेलं आभासी मशीन पुरतं. कर्नल लॉकडेप आणि डीबग-अटॉमिक-स्लीप (लॉकांच्या आणि नको तिथे झोपण्याच्या चुका पकडणाऱ्या तपासण्या) चालू करून बांधा. त्याने सगळं मंदावतं, पण इथे ते सोयीचंच: झेंड्यामागचा खर्च वाढतो आणि लपलेला लूप लवकर उघडा पडतो.

एफआयओ या डिस्क-चाचणीच्या प्रोग्रॅमने ३०-४० जीबीची फाइल एकदा पूर्ण लिहा आणि सिंक करा. मग डर्टी-रेशो मुद्दाम वाढवून तीच फाइल बफर्ड पद्धतीने, सलग, पुन्हा लिहा आणि शेवटी एफसिंक मागा. ही ओव्हरराइटची, म्हणजे फाटकाची परीक्षा. नंतर फॉलोकेटने नुसती जागा राखून ठेवलेली नवी फाइल घ्या आणि तेच करा. ही मुनिमाची परीक्षा. तिसऱ्यांदा मूळ फाइलीची रीफलिंक प्रत करून तिच्यावर लिहा, म्हणजे कॉपी-ऑन-राइटची वाटही तुडवली जाईल. जुना कर्नल आणि नवा कर्नल, दोन्हींवर तिन्ही करा. एकाच वाटेची चाचणी घेऊन "बरं झालं" म्हणणारे पॅच मी पाहिले आहेत, आणि ते दुसऱ्या वाटेवर तसेच अडकतात.

सॉफ्टआयआरक्यूच्या हिस्टोग्रामची शेपटी तुटली पाहिजे. मेमइन्फोतला राइटबॅकचा आकडा पायरीऐवजी उतारासारखा खाली आला पाहिजे. आणि एकूण लिहिण्याचा वेग पहिल्याइतकाच राहिला पाहिजे. तो लक्षणीय घसरला असेल तर तुम्ही माप फारच लहान घातलं आहे किंवा लहान राइटही वर्कक्यूकडे ढकलत आहात. एफएसटेस्ट्स या फाइलसिस्टिम-चाचण्यांच्या संचातला जेनेरिक गट आणि एक्सएफएसचा गट रात्रभर चालवा, मेमरी कमी देऊन एकदा आणि भरपूर देऊन एकदा. शेवटी डीएम-फ्लेकी लावून मध्येच डिस्कच्या एरर येऊ द्या आणि एफसिंक एरर घेऊन परत येतो का, अडकून राहतो का, ते पाहा.

आमच्या सर्व्हरवर नवा कर्नल चढवला त्या रात्री तो फोन करणारा मुलगा आणि मी दोघंही ऑफिसात थांबलो होतो. साडेअकराला जोडणी संपली, एफसिंक सुरू झाला. पडद्यावर राइटबॅकचा आकडा चढला आणि लगेच, सेकंदासेकंदाला, थोडाथोडा उतरू लागला. कीबोर्ड चालत होता. दुसऱ्या दिवशी आम्ही डर्टी-बाइट्सचं सेटिंग काढलं नाही, फक्त १ जीबीचं ४ जीबी केलं, आणि मेमइन्फो टिपणारी ती चार ओळींची स्क्रिप्ट क्रॉनमध्ये तशीच राहू दिली.